आसन सोडलं तेव्हा

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी. दत्तजयंतीच्या सप्ताहाचा पाचवा दिवस. सकाळचं वाचन आटोपून मी ओसरीवर नैवेद्याच्या घेवड्याच्या शेंगा मोडत होते. मनात भक्ती कमी, संताप जास्त. डावी पोटरी दोन दिवसांपासून सुजून तट्ट झाली होती, हाताला गरम लागत होती, आणि ज्याच्यासाठी बसले तो ढिम्म. रोज चार-चार तास मांडी घालून बसायचं, दिवसाचे अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही. मध्ये उठावं लागू नये म्हणून मी पाणीही घोटभरच पीत होते. ही अक्कल माझीच.

“परीक्षा असते वहिनी,” माझ्या नणंदबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. “रगडून देते, उतरेल सूज.”

“परीक्षा पायाचीच का घेतो तो?” मी खेकसले. पण पाय पुढे केला.

तेवढ्यात फाटक वाजलं. भर बारा वाजता एक उतारवयाची हिंदीभाषक नर्स उभी. कुणाला तरी इंजेक्शन द्यायला निघालेली, आमच्या दर्पण कॉलनीत गल्ली चुकलेली. पत्ता विचारता विचारता तिची नजर पायावर गेली.

“एक ही पैर सूजा है? हाथ हटाओ! मालिश बिल्कुल नहीं!” ती वन्संवर ओरडली. मग माझ्यावर, “खून का थक्का हुआ और फेफड़े में पहुँच गया, तो पूजा कौन करेगा? कंपू के अस्पताल जाओ, अभी!”

पाणीही न घेता ती निघून गेली.

“दवाखान्यात ठेवून घेतलं तर पारायण खंडित होईल हो,” वन्सं म्हणाल्या.

“आणि मीच खंडित झाले तर?”

कंपूतल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. खोल शिरेत गुठळी होती. तासन्‌तास एकाच जागी बसलं, पाणी कमी प्यायलं, की रक्त असं साकळू शकतं, डॉक्टर म्हणाले; गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. रक्त पातळ करणारं औषध लगेच सुरू करून त्यांनी संध्याकाळी घरी सोडलं.

ती बाई कोण, मला ठाऊक नाही. एवढंच कळलं, की हट्टाने बसून राहण्याला मी शरणागती म्हणत होते. उठ म्हटल्यावर उठणं मला जास्त जड गेलं. महाराजांना हात जोडले, राग अजून होताच, तोही त्यांच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसन गुंडाळलं, खुर्चीवर बसून पोथी उघडली. प्रत्येक अध्यायानंतर उठले, पेलाभर पाणी प्याले, अंगणात फेरी घातली. शेजारच्या आसनावर मांडी घालून बसलेल्या वन्सं टकमक बघत होत्या.

“बघताय काय? उठा तुम्हीही.”