वागिमानची भीड

इंडोनेशियातल्या आमच्या सोलो शहरात बाटिकच्या कापडावर मेणाचे ठसे मारणारे हात पुष्कळ, पण वागिमानइतका भिडस्त माणूस दुसरा नाही. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तरी माफी हाच मागेल. मी त्याची शेजारीण. माझं तोंड फाटकं, म्हणून त्याच्या वाटचं भांडण बहुतेक मीच भांडते.

त्याची मुलगी लारास कागदावर नक्षी अशी काढते की बघत राहावं. एका मोठ्या कारखान्याने तिला सांगितलं होतं, रमजान लागायच्या आत पाच नमुने कॉम्प्युटरवर करून पाठव, पसंत पडले तर नोकरी पक्की. नाहीतर बापाशेजारी उकळत्या मेणाच्या धुरात उभं राहणं होतंच.

नवा कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती. गल्लीतले वडीलधारे, निवृत्त हेडमास्तर, ज्यांना आम्ही सगळे ‘म्बाह’ म्हणजे आजोबा म्हणतो, ते आपला जुना विकत होते. "आठ जीबी रॅम आहे," म्हणाले. लारासने पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, तसा वागिमानने तिचा हात दाबला.

"बाबा, नुसतं चालू करून बघते."

"गप. म्बाह समोर बसलेत. त्यांच्या शब्दावर संशय घ्यायचा?"

चहा झाला, पैसे दिले, आणि खोकं न उघडताच घरी आलं.

पडद्यावर नक्षी उघडली की कॉम्प्युटर जागच्या जागी अडकायचा. रॅम वाढवण्यापुरते पैसे मागे ठेवले होते, म्हणून दोघं दुकानात गेले. दुकानदाराने झाकण काढलं.

"आठ कुठली? दोन आहे. बोर्ड इतका जुना की याला जास्त लावताच येत नाही."

"आत्ताच्या आत्ता परत करून या," दोघं घरी आल्यावर मी म्हटलं. वागिमान गेला आणि केळ्यांचा घड घेऊन परतला.

"काय म्हणाले?" लारासने विचारलं.

"गुडघे दुखतात म्हणे."

"आणि कॉम्प्युटरचं?"

"विषय कसा काढायचा, पोरी? त्यांनी स्वतः चहा ओतला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी चप्पल घातली, तर हा दारात आडवा.

दोन नमुने कसेबसे झाले. मुदत गेली. लारास मेणाच्या कढईपाशी उभी राहिली.

ईदच्या सकाळी आमच्याकडे लहानांनी वडीलधाऱ्यांच्या पायाशी बसून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची असते. भाजलेल्या बोटांनी लारासने म्बाहचे हात धरले, कपाळ त्यांच्या गुडघ्याला टेकवलं.

"माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा, म्बाह."

"केली, पोरी." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कॉम्प्युटर नीट चालतोय ना?"

तिने मान वर करायच्या आत मागून वागिमान म्हणाला, "उत्तम चालतोय, म्बाह."