बसून वाजवायचा सॅक्सोफोन

जन्मभर वरातीत चालता चालता सॅक्सोफोन फुंकला, आणि साठीत मला कुणीतरी बसायला खुर्ची दिली. डोकं ठिकाणावर कसं राहणार?

झालं असं, की वरातींना डीजे आले आणि कसब्यातला आमचा बँड बंद पडला. मी घरात बसून हिचं डोकं खायला लागलो. तेवढ्यात कळलं, खडकवासल्याकडचे एक निवृत्त लष्करी बँडमास्तर आयटीतली मंडळी गोळा करून जॅझचा मोठा बँड उभा करतायत. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनची अख्खी रांग, आणि त्या रांगेत एक खुर्ची रिकामी. मी गेलो, वाजवून दाखवलं. मास्तर म्हणाले, "फुंक चांगली आहे. शिस्त पहिल्या कार्यक्रमात बघू, मग ठरवू तुम्हाला ठेवायचं की नाही."

त्या खुर्चीसाठी मी कसब्याच्या गणपतीला रोज साकडं घालत होतो. खोटं कशाला बोलू?

शिस्त म्हणजे काय, तर बसून वाजवायचं. आपली पाळी आली की उभं राहायचं, मास्तरांचा हात खाली आला की बसायचं. शेंबडं पोरही करील. पण वरातीत आम्ही कुणाच्या हाताकडे बघत नाही, नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतो. पाय मंदावले की चाल बदलायची, आणि नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत थांबायचं नाही. हे हाडात मुरलेलं.

कार्यक्रम नारायण पेठेतल्या एका सभागृहात, रविवारी सकाळी. ही आली होती. इतक्या वर्षांत हिनं मला चारचौघांत वाजवताना ऐकलंच नव्हतं, परक्यांच्या वरातीत बँडवाल्याची बायको कशाला येईल? मधल्या वाटेलगतच्या खुर्चीत, ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

माझी पाळी आली. उभा राहिलो. सुरुवात झकास झाली, आणि मग मी समोर बघितलं. सगळे हाताची घडी घालून बसलेले. एक पाय हलेल तर शपथ. म्हटलं, मेलो, वरात थांबली.

मग काय, चाल बदलली, लय वाढवली, आणि कधी पायऱ्या उतरून लोकांमध्ये चालायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही. ड्रमवाला इंजिनिअर मोठा गुणी, त्यानं लगेच ठेका धरला, बाकीचे त्याच्यामागे. मास्तरांकडे माझी पाठ, त्यांचा हात शंभरदा खाली आला असेल, बघतोय कोण? हळूहळू चपला आपटायला लागल्या. एक आजोबा काठीनं ताल द्यायला लागले. माझ्या स्वतःच्या लग्नात मला एवढा आनंद झाला नव्हता.

वाजवत वाजवत शेवटच्या रांगेपर्यंत पोचलो आणि पुढे भिंत. ना घोडा, ना नवरदेव. थांबायचं कुठे? मी आपला भिंतीकडे तोंड करून वाजवतोय. तेवढ्यात कुणीतरी कोपर धरलं. ही होती. तिनं मला गर्रकन फिरवलं, पर्स खांद्याला लावली आणि माझ्यापुढे चालायला लागली, थेट स्टेजच्या दिशेनं. अर्ध्या वाटेत तिचा हात वर गेला. सख्ख्या भावाच्या वरातीत कोपऱ्यात उभी राहिलेली बाई नाचत होती हो. मला हसू यायला लागलं, फुंक जाता जाता राहिली. स्टेजवर चढलो, मास्तरांचा हात खाली आला आणि मी मुकाट्यानं बसलो.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर पडद्यामागे आले. मी मान खाली घातली. खुर्ची गेली हे मी धरूनच चाललो होतो.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "वहिनींना पहिल्या रांगेत बसवा. परत आणायला लांब पडतं."

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. स्कूटरवर घरी येताना मी सारखा 'पुढच्या वेळी, पुढच्या वेळी' म्हणत होतो. शेवटी मागून ही म्हणाली, "अहो, सिग्नल सुटलाय."