तुर्दाकूनने मोडलेला बोल्ट

बालिक्ची गावच्या बाजारामागे तुर्दाकूनचं गॅरेज होतं. म्हणजे लोक तसं म्हणत. तुर्दाकून फाटकाशी छाती काढून उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "लोखंड मला घाबरतं." त्याची बायको बुरुलचा मनात म्हणायची, घाबरेल नाही तर काय! याच्या हाती लागलेला एक बोल्ट कधी धड सुटलेला तिने पाहिला नव्हता.

बुरुलचाचा बाप ट्रक-डेपोत मेकॅनिक. ती त्याच्याच मागे-मागे पाने-पकडी उचलत वाढली. लग्न होऊन आली तेव्हा सासूने बजावलं, "सुनेच्या हाताला ग्रीस दिसलं तर लोक माझ्या पोराला हसतील." म्हणून ती गाडीखालच्या खड्ड्यात आणि नवरा वर, अशी वाटणी झाली. सासू गेली, वाटणी राहिली.

त्या वसंतात कोच्कोरचा एसेंकुल आपली जुनी जर्मन गाडी घेऊन आला. पोरीचं लग्न दोन दिवसांवर, आणि मागचं चाक तिरकं होऊन खडखडत होतं. चाक धरून ठेवणारा दांडा, खालचा आर्म, बदलायला हवा होता. पण हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ खाऊन खाऊन त्याचा बोल्ट आर्मच्या टोकाच्या बुशच्या नळीत असा गंजून बसला होता, की दोघांचं एकच लोखंड झालं होतं. बुरुलचाने तेल मारलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मी आर्म घेऊन येते. तोवर याला हात लावू नका."

गिऱ्हाईक समोर उभं असताना हात न लावणं तुर्दाकूनला कुठलं जमायला! ती परतली तेव्हा बोल्टचं डोकं घासून गुळगुळीत झालं होतं, पान्याला लावलेला लांब पाइप वाकला होता, आणि नवरा गॅसची ज्योत पेटवून गाडीखाली शिरत होता. वीतभर अंतरावर पेट्रोलची टाकी.

तिने आधी सिलिंडर बंद केला.

"काय गं, ज्योत का विझवली?"

"तुम्ही जळाल म्हणून नाही. गाडी दुसऱ्याची आहे."

तुर्दाकूनचा चेहरा पडला. तरी तो पुटपुटला, "लोखंडच हलकं. हल्ली पूर्वीसारखं येत नाही."

"पूर्वीचंही तुम्ही मोडलंय," ती म्हणाली आणि खड्ड्यात उतरली.

आता फिरवून काही निघणार नव्हतं, कापणं आलं. बुश आणि गाडीची चौकट यांच्या फटीत तिने आरीचं पातं घातलं. ब्रेकची नळी जवळून जात होती, तिच्यावर पत्र्याचा तुकडा अडकवला. एक पातं मोडलं, दुसरं बोथट झालं. हात निसटून बोटांची सालं निघाली. एका बाजूने कापून होईतो दुपार कलली, मग दुसरी बाजू. अखेर आर्म धप्पकन खाली आला.

बाजारातून परतलेला एसेंकुल वर तुर्दाकूनला म्हणत होता, "दादा, मानलं तुम्हाला! तुमच्या हाताला तोड नाही."

आणि तुर्दाकूनचं उत्तर, "ताकद कुणीही लावेल हो. डोकं लागतं."

आजवर असलं बोलणं ती खड्ड्यातून ऐकून घ्यायची. कधीकधी तिला त्याची कीवही यायची, आणि कीव आली म्हणून स्वतःचा राग यायचा. त्या दिवशी मात्र ती रक्ताळलेल्या हातानिशी वर आली आणि बोल्टचे तुकडे एसेंकुलपुढे धरले.

"हे डोकं यांनी घासलं. कापला मी. टाकी पेटवून तुमची वरात इथूनच काढायला निघाले होते, तेही हेच."

एसेंकुलला हसावं की नाही कळेना. तो चाचरत म्हणाला, "ताई, लग्नाला या बरं का. दोघंही."

"आणते यांना. फक्त मांस कापायला सुरी देऊ नका यांच्या हातात."

मग मात्र एसेंकुलला हसू आवरेना. तुर्दाकून टोपी डोक्यावर दाबून तरातरा निघून गेला.

त्यानंतर गिऱ्हाइकांशी बुरुलचाच बोलू लागली. तुर्दाकूनचा मुक्काम चहावाल्याच्या बाकावर हलला. कंबर धरते म्हणून धंदा बायकोवर सोपवला, असं तो सांगायचा, वर म्हणायचा, "सगळं मीच शिकवलंय तिला."

हे बुरुलचाच्या कानावर आलं तेव्हा ती नव्या बोल्टला ग्रीस लावत होती.

"खरंच आहे," ती म्हणाली. "काय करू नये, ते सगळं त्यांनीच शिकवलं."