सात काड्या आणि पाच मिनिटं

मिलिंदची बातमी यादय्याने आणली. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज, भुवया जळालेल्या. हैदराबादेत काचीगुड्यातल्या आमच्या घराचा उंबरा न ओलांडताच तो म्हणाला, "अक्का, मैं बाहर आ गया... अन्ना अंदर रह गए." त्याला पाच आठवडे झाले.

मिलिंद माझा धाकटा भाऊ, अग्निशमन दलात लीडिंग फायरमन. यादय्या त्याच्या हाताखालचा, त्याला अन्ना म्हणायचा. आमचे वडील नांदेडकडून इथे आले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. घरातला पहिला अधिकारी मिलिंदने व्हावं, हा हट्ट त्याच्यापेक्षा माझाच. बढतीची लेखी परीक्षा तो दोनदा उत्तम पास झाला आणि दोन्ही वेळा तोंडी सादरीकरणात आपटला. समोर तीन साहेब, हातात जळत्या इमारतीचं चित्र आणि पाच मिनिटं. कुणाला कुठून आत पाठवाल, बाहेर कसं आणाल, सांगा. यंदाची तिसरी संधी शेवटची होती.

मी शाळेत शिकवते, तेव्हा शिकवणी माझ्याकडे. ड्यूटी संपली की तो यायचा. स्वयंपाकघराच्या फरशीवर तांदळाचा रिकामा डबा आडवा ठेवायचा, ती इमारत. आगपेटीतल्या सात काड्या, ती त्याची माणसं. आगीत बेधडक शिरणारा हा गडी त्या डब्यासमोर घामाघूम व्हायचा. हळूहळू बोलायला छान शिकला, पण घोडं अडायचं ते शेवटी. आत सारलेली प्रत्येक काडी तो नाव घेऊन बाहेर काढायचा, मोजायचा आणि तोवर पाच मिनिटं उलटून जायची.

"अरे, 'सगळे सुखरूप बाहेर' म्हण आणि मोकळा हो," मी वैतागायचे.

"असं नुसतं म्हणून कोण बाहेर येतंय, अक्का?"

"मार्क बोलण्याला आहेत. काड्या मोजायला नाहीत!"

हे मी म्हटलं. मीच. शेवटच्या रविवारी घड्याळाकडे बघत मी ओरडले, "सोड ती शेवटची!" त्याचा हात डब्यापाशी थांबला... मग डोळे मिटून त्याने ते वाक्य म्हटलं. चार सेकंद शिल्लक होते. मी टाळ्या वाजवल्या. तो हसला नाही.

मंगळवारी कुकटपल्लीत प्लास्टिकच्या गोदामाला आग लागली. साहेबांची गाडी वाहतुकीत अडकलेली, म्हणून हुकूम मिलिंदचा. यादय्या सांगतो, अन्ना परीक्षेत बोलावं तसं सगळं मोठ्याने बोलत होते. इमारतीला फेरी मारली, माणसं वाटून आत पाठवली. आग आवरेना तेव्हा सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि मोजलं. "एक कम है," एवढंच म्हणाले आणि आत शिरले. कमी होता तो यादय्या. मिलिंदने त्याला दाराबाहेर ढकललं, तेवढ्यात छत खाली आलं.

परीक्षा ठरल्या दिवशी झाली. मला राग येतो, त्या परीक्षेचा, मिलिंदचा, सगळ्यात जास्त माझा. माझं ऐकून तो न मोजता थांबला असता तर आज असता, आणि यादय्याची पोरं... हा विचार मला धड पुरासुद्धा करता येत नाही.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर घरात तांदूळ आणले. भरायला डबा उचलला, तर आत काहीतरी वाजलं. त्या रविवारची काडी... माझ्यासाठी त्याने तेवढी एकच आत सोडली होती. तांदूळ अजून पिशवीतच आहेत. डबा मी काडीसकट फरशीवर त्याच्या जागी आडवा ठेवलाय. त्याची ड्यूटी संपायच्या वेळेला रोज समोर बसते, आत हात घालते, काडी बोटांना लागते, मिलिंदचं नाव घेते... आणि हात तसाच रिकामा बाहेर येतो.