मिस्त्रिणीच्या कानातली जाम कडी

आमच्या जिन्यावरची बातमी अशी होती की समोरची मिस्त्रीण बहिरी-बिहिरी काही नाही, फक्त सासूपुरती बहिरी आहे. कारखान्यात मशिनं खडखडत असताना बायका काय बोलतात ते तिला बरोबर कळतं. घरी सासूनं हाक मारली की कानात बोळे!

बातमी खमंग होती, पण खोटी. पंचाईत एवढीच की अर्धी खरी होती.

मिस्त्रीण शिवणकारखान्यात मशिनं दुरुस्त करते. पेचकसाचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, ही तिची रीत. नवरा परगावी नोकरीला. घरात ती आणि सासू, म्हणजे आमच्या काकू. काकूंनीच तिला हट्टानं हे काम शिकायला पाठवलेलं. संध्याकाळी घर शांत झालं की काकू विचारायच्या, "अगं, चहा टाकू का?" आणि ही आपली पंख्याकडे बघत ढिम्म.

शेवटी काकूंनी बॅग काढली. "लेकीकडे जाते कायमची. भिंतींशीच बोलायचंय, तर तिकडेही भिंती आहेत." हे मला सांगताना सुनेकडे पाठ होती, त्यामुळे तिला शब्द पोचला नाही. तिला दिसली ती बॅग.

झालं. मिस्त्रीण घरभर फिरायला लागली. खिडकी उघड, लाव, परत उघड. मला कोपऱ्यात ओढून अगदी हळू म्हणाली, "वहिनी, काय चुकलं माझं? त्या गेल्या तर मी ह्या घरात करू काय?"

"तू ऐकत नाहीस म्हणतात!" मी ओरडले.

"ओरडता कशाला? येतंय ऐकू."

"तेच तर म्हणतात त्या!"

सकाळी दोघींना धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काकू बॅगेसकट आल्या, परस्पर निघता यावं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी नादकाटा ठोकून आधी कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. "मोठा आवाज कुठे?"

"मागे. पेचकसासारखा."

मग त्यांनी प्लॅस्टिकचा कान उघडून दाखवला. आवाज नळीतून पडद्यावर आपटतो, पडदा थरथरतो. त्याला चिकटलेला हाडाचा हातोडा ऐरणीला ढोसतो, ऐरण रिकिबीला. ही रिकीब म्हणजे तांदळाच्या दाण्याहून लहान कडी. ती आतल्या शंखाच्या खिडकीवर धक्के देते, शंखातलं पाणी हलतं, पाण्यातले केसांसारखे तंतू डुलतात आणि नस मेंदूला वर्दी देते. मला एकदम आमचा जिना आठवला. बातमी अशीच दारोदार सरकते. एक दार बंद राहिलं की वरचा मजला कोरडा.

"यांची शेवटची कडी हाड वाढून जाम झालीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थोडं तेल सोडलं तर?" मिस्त्रिणीनं विचारलं.

"खबरदार! हाडातून आलेला आवाज थेट शंखात पोचतो, म्हणून तुमचा पेचकस चालतो. आणि मशिनांच्या गोंगाटात समोरचा माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. गोंगाट तुम्हाला कमी ऐकू येतो, त्याचं बोलणं मात्र पोचतं. छोटं ऑपरेशन करून कडी बदलता येते."

काकूंनी नाक मुरडलं. "आजकाल सगळ्यालाच ऑपरेशन." घरी परत आल्या त्या फक्त विसरलेली औषधं घ्यायला. गाडी खाली थांबवलेली.

मिस्त्रिणीनं त्यांच्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि दुरुस्तीला आणलेलं मोठं मशीन चालू केलं. घर दणाणलं. "बोला आई!"

"काय बोलू?" काकू ओरडल्या. "चपला दारात आडव्या टाकतेस!"

"उद्यापासून उभ्या ठेवीन!"

काकू चपापल्या. मग सुटल्याच. "तेलाचे हात माझ्या टॉवेलला पुसतेस!"

"नवीन आणते!"

"तापात पडले होते तेव्हा किती हाका मारल्या तुला! आली नाहीस!"

"नाही हो पोचल्या," मिस्त्रीण म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

काकूंनी बॅग पायानं पलंगाखाली ढकलली. मी गॅलरीतून गाडीवाल्याला हातानंच जा म्हटलं. पण काकू थांबतात कुठल्या! साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं: नळ, दिवे, माहेरची माणसं, माझ्याशी चालणाऱ्या गप्पासुद्धा. ऐकून ऐकून मिस्त्रिणीनं मशीनवर कोपर टेकलं आणि म्हणाली,

"आई, रोज एवढं ऐकायचं असेल, तर ऑपरेशन पुढच्या वर्षी करू."