पालकांची सही

बरकतपुऱ्यातल्या आमच्या मंडळाची वधू-वर नोंदवही मी बावीस वर्षं सांभाळतो आहे. नियम मीच केले. अर्ज पालकांचा, सही पालकांची. नाव काढायचं असेल तरी सही पालकांचीच.

१९९७ साली एका रविवारी युवराज एकटाच आला. तारनाक्याच्या हिम्मतरावांचा मुलगा, वय सत्तावीस, दिलसुखनगरला कॉम्प्युटर शिकवायचा. त्या दिवसांत कॉम्प्युटरवाल्या मुलाला फार मागणी. त्याचा फोटो मुलींच्या बापांनी हाताळून हाताळून कोपऱ्यात दुमडला होता.

"काका, माझं नाव काढा."

"जमलं का कुठं?"

"जमणार नाही." तो खाली बघत म्हणाला, "मला मुली आवडत नाहीत, काका. अरविंद आहे. चार वर्षं झाली. घरी सांगितलं, तर आईनं जेवण सोडलंय."

मी वही मिटली. "वडिलांची सही आण."

"ते देतील का जी? तुम्ही नुसती रेघ मारा. मग कोणी बघायला येणार नाही."

"नियम आहे, बाळा."

संध्याकाळी मी हिम्मतरावांना फोन केला. पालकांना कळवणं मला कर्तव्य वाटलं.

"लग्न झालं की सगळं बराबर होतं," ते म्हणाले. "साध्या घरची असेल तर बघा. फार चौकशी न करणारी."

मी पानं उलटली आणि त्रिवेणीचा अर्ज काढून त्यांच्याकडे पाठवला. तिचे वडील शाळामास्तर होते. दोन महिन्यांत लग्न झालं. मंडपात युवराज माझ्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "निघालं एकदाचं नाव, काका."

तीन वर्षांनी मास्तर त्रिवेणीला घेऊन आले. युवराज अमेरिकेला गेला होता, तिथून कागद पाठवून त्यानं घटस्फोट मागितला होता. जाताना त्यानं तिला सगळं सांगितलं होतं, माझ्या त्या फोनसकट. मास्तरांनी नवा अर्ज भरला, सही केली.

"काका," त्रिवेणीनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग त्याच्या वडिलांना फोन केलात. माझ्या वडिलांना का नाही केला?"

याला माझ्याकडे नियम नव्हता.

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, स्वतःच्या अर्जावर आडवी रेघ मारली आणि वडिलांना म्हणाली, "चला, बाबा."

नाव काढल्याची सही त्या रेघेखाली कोणाचीच नव्हती. मी ती मागितली नाही.