उन्हात नासू नये म्हणून

आमच्या दूध संघात दुधापेक्षा किस्से जास्त जमतात. दूध नासतं, त्याला थंड करायला मशीन लागतं. किश्शांना तसलं काही लागत नाही. उलट जितका शिळा, तितकी साय जाड!

आम्ही तिघं रूटवाले. मी, कांबळे आणि बन्सीनाना. सकाळी मोटारसायकलला किक मारायची, गावोगावच्या डेअऱ्यांत दूध तपासायचं. त्यात दुष्काळ पडला, तसं जनावरांच्या छावण्याही आमच्याच गळ्यात आल्या. परतताना बारा-एक वाजायचा. त्या वेळी परळीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. रस्त्यावर आम्हीच! तेव्हा उन्हात गाडीवर काय घालावं, हा आमच्यासाठी शौकाचा विषय नव्हता.

*

पहिला शहाणा मी. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, त्यात कुणी पोरगा काळं चामड्याचं जॅकेट घालून डोंगरात गाडी पळवत होता. म्हटलं, हेच पाहिजे! बीडला जाऊन तसंच घेऊन आलो. तो पोरगा बर्फात होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मे महिन्यात ते घालून सिरसाळ्याच्या चौकात चहाला थांबलो. अंगात भट्टी पेटलेली, पण चेहरा हसरा ठेवला. चहावाल्यानं मला खालून वर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "सायेब, थंडीला अजून सहा महिने हायेत. आत्ताच नंबर लावला का?"

ते जॅकेट मी तिथंच काढलं. आता त्याच्यावर आमची मांजर झोपते.

*

कांबळे माझ्यापेक्षा हुशार. तो आमचा कृत्रिम रेतनवाला, म्हणजे गाई-म्हशींना गाभण ठेवायची जबाबदारी त्याची. त्या कामाला खांद्यापर्यंत येणारे प्लास्टिकचे हातमोजे असतात. हात उन्हानं भाजायला लागले, तसे गड्यानं तेच चढवले आणि निघाला.

"फुकटात फुल बाह्या!" म्हणून मला डोळा मारला.

तासाभरात बोटांत घाम साचला. ब्रेक दाबला की आत डुबुक वाजायचं! पण खरी गंमत पुढं. तो गावात शिरला आणि त्याचे ते हात बघून एक जण गोठ्याकडं पळत सुटला. गाडी स्टँडवर लागायच्या आत हा म्हैस ओढत हजर!

"लई चांगलं झालं! डॉक्टर आज तयारीतच आलेत!"

"अहो, हे उन्हासाठी हाय!"

"असू द्या की. म्हशीला कुटं कळतंय?"

*

बन्सीनानांचं मात्र वेगळं. नोकरीची दोनच वर्षं राहिलेली. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्यावर गांधी टोपी, संपली वर्दी. आम्ही काही बोललो की म्हणायचे, "ऊन मला वळखतंय बे. लहानपणापासून हाय त्याच्यासंगं."

एका दुपारी धर्मापुरीच्या अलीकडं ते लिंबाखाली बसले ते उठेनातच. अंग तापलेलं, घाम बंद. कांबळेनं आणि मी त्यांना संघाच्या जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

आता आमच्या धंद्यात फॅट 'लागते'. कुणाच्या म्हशीच्या दुधाला किती लागली, यावरच आमचा दिवस जातो. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "यांना ऊन लागलंय." नानांनी डोळे मिटूनच विचारलं, "किती लागलं?"

डॉक्टरांना वाटलं, ताप विचारतायत. ते म्हणाले, "एकशे पाच."

नाना पलंगावर उठून बसायला लागले. "एकशे पाच? मशीन बिगडलंय तुमचं! म्हशीलासुद्धा आठ-नऊच्या वर लागत न्हाई!"

आम्ही पोट धरून हसलो. निरोप मिळताच आलेल्या काकू, म्हणजे नानांच्या मंडळी, तेवढ्या हसल्या नाहीत. डॉक्टरांनी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं होतं, "या वेळी वाचले. परत असंच लागलं तर मी काही करू शकणार नाही."

*

संघाच्या साहेबांनी फर्मान काढलं. नाना नीट हेल्मेट, अंगभर कपडे घालून आले तर रूटवर, नाहीतर ऑफिसात टेबल.

"टेबलावर बसवलं तर उन्हाच्या आदीच मरंन मी," नाना म्हणाले. तीस वर्षं ज्या गावांत गेली, तिथली जनावरं आता छावणीत बांधलेली. त्यांना सोडून खुर्चीत बसणं त्यांच्यानं झालं नसतं, हे मलाही ठाऊक होतं.

म्हणून मी त्यांना हेल्मेटच्या दुकानात नेलं. रंगाचा प्रश्न सुटला, पांढरं. आत हवा यायला भोकं पाहिजेत, तीही मिळाली. मग दुकानदार म्हणाला, "नाना, टोपी काढा, माप बघू."

"कावून? कोण मेलंय?"

अर्धा तास समजावलं. शेवटी टोपीसकट बसेल असं सगळ्यात मोठं हेल्मेट घेतलं! काच मात्र खाली करायला तयार नाहीत. म्हणे, "त्वांड झाकलं तर लोकांनी वळखायचं कसं?"

*

जॅकेटचं काम काकूंनी हातात घेतलं. पांढऱ्या मांजरपाटाचं, सैल, मनगटापर्यंत बाह्यांचं जॅकेट त्यांनी घरीच शिवलं. मग बादलीत बुडवून, पिळून नानांसमोर धरलं.

"हे काय?"

"दुधाच्या कॅनला उन्हाळ्यात काय करता तुमी?"

"वलं पोतं गुंडाळतो."

"कावून?"

"नासू नये म्हणून."

"मग घाला!"

नाना गपगुमान घालायचे. पण घरापासून दोन मैलांत ते वाळायचं, आणि वाटेत परत भिजवायचं म्हटलं की नाना ऐकायचे नाहीत. "लोकं घागरीसाठी रांगंत उभी हायेत, आन् मी अंगावर पाणी वतू? लाज न्हाई का मला?"

काकूंनी माझा हात धरून सांगितलं, "दत्ता, तुज्या भरवशावर सोडायले बाबा." त्या दिवसापासून मी माझा रूट उरकून नानांच्या मागं राहायला लागलो.

*

एका दुपारी मी असाच मागं होतो. नानांची गाडी जरा डुलायला लागली. मी पुढं जाऊन थांबवली. जॅकेट पापडासारखं वाळलेलं. नाना माझ्याकडं बघून म्हणाले, "कांबळे, आज कोणतं गाव?"

नाना मला कांबळे म्हणतायत! त्यांना माझ्या गाडीवर मागं घेतलं आणि पहिलं गाव गाठलं. वेशीत टँकर उभा, बायकांची रांग. मी पाणी मागायला उतरलो, तर नानांनी माझी कॉलर धरली.

"थांब बे. तोंडचं पाणी हाय ते लोकांच्या."

रांगेतून घागर भरून पारूबाई बाहेर आली. हिचं आणि नानांचं वाकडं. गेल्या साली नानांनी तिच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला आणि अख्ख्या गावासमोर "पाणी हाय" म्हणून चरवी परत केलेली. तेव्हापासून नाना दिसले की ही पाठ फिरवायची.

आज फिरवली नाही. नानांचा लालबुंद चेहरा बघितला, वाळलेलं जॅकेट बोटानं चाचपलं. मला म्हणाली, "ह्येला वलं ठिवायचं असतंय का?"

मी मान डोलावली.

तिनं घागर खाली ठेवली, तांब्या बुडवला आणि सरळ नानांच्या खांद्यावर ओतला.

"मावशे, नको! तुजं पाणी..."

दुसरा तांब्या पाठीवर.

"गेल्या साली पाणी घातलं म्हणून परत केलतं न्हाई का, नाना? आता तुमच्या म्होरं घालायले. करा परत!"

रांगेतल्या बायका खदखदून हसल्या.  सकाळपासून वर असलेली हेल्मेटची काच नानांनी खाली ओढली.